वीतभर वाकडी रेघ

तीन वर्षांत कचेरीच्या पाच नोटिसा आल्या आणि पाचही आमच्या गल्लीनं पचवल्या. खोटं कशाला बोलू, पहिली मीच चुलीत घातली. दुसरीत दुकानदारानं साखर बांधून दिली. तिसरीचा कागद जरा जाड होता, म्हणून माझ्या थोरल्या दिरांनी, ते शिवणकाम करतात, त्यातून कॉलरचं माप कापून ठेवलं. उरलेल्या दोन कुठं गेल्या ते कुणालाच माहीत नाही. मजकूर प्रत्येकीत तोच. गल्लीच्या उताराकडच्या बाजूनं गटार काढायचं आहे, तरी त्या बाजूच्या अकरा घरांनी पुढं आलेले ओटे आणि पायऱ्या काढून घ्याव्यात. काढून घ्याव्यात म्हणे! ओटा म्हणजे काय टोपी आहे, डोक्यावरची काढली आणि खुंटीला लावली?

पाणी मात्र हटायला तयार नव्हतं. सगळ्या घरांच्या न्हाणीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी गल्लीत यायचं आणि तिथंच बसायचं. वर साबणाचा पांढरा पापुद्रा, खाली काळा गाळ. चालायचं म्हणजे या दगडावरून त्या दगडावर. उन्हाळ्यात वास, आणि पावसाळ्यात तेच पाणी उंबरा ओलांडून घरात. मागच्या पावसाळ्यात कोपऱ्यावरच्या घरातली चार वर्षांची पोर गेली. उलट्या-जुलाब, ताप, दवाखान्यात पोचेपर्यंत अंगात काही राहिलंच नव्हतं. तिला उचलून नेताना तिचा बाप घोट्यापर्यंत त्याच पाण्यातून चालत होता, आणि आम्ही सगळे आपापल्या ओट्यांवर कोरडे उभे राहून बघत होतो.

माझे मालक गवंडी. गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते, मीही तेच म्हणते. वीस वर्षं मी त्यांच्या मागं घमेलं वाहतेय, माझ्या डोक्यावरचे केस मधोमध विरळ झालेत ते त्यामुळंच. त्या अकरा ओट्यांतले सात आमच्या हातचे. कुणी म्हणालं, मिस्त्री, जरा पुढं घ्या, बसायला होईल, की आम्ही घेतलं पुढं. गल्ली कुणाची होती? कुणाचीच नाही, मग सगळ्यांनी थोडी थोडी खाल्ली.

पावसाला महिना राहिला आणि कचेरीनं शाळेच्या व्हरांड्यात सभा लावली. ओव्हरसियर नवीन होता. पोरसवदा, पायात नवे बूट, आणि गल्लीतून येताना त्यातला एक गाळात गेलेला. त्यामुळं साहेब आधीच तापलेले.

"पाइप मंजूर आहे, सिमेंट मंजूर आहे," तो म्हणाला. "महिनाअखेरीला जागा मोकळी दिसली नाही तर सगळं सामान पलीकडच्या गावाला जाईल. नाहीतर मी पोलीस घेऊन येतो, मशीन घेऊन येतो. मग तक्रार करायची नाही."

"आणा की," दुकानदार मागून म्हणाला. त्याचं घर सगळ्यात खाली, अकरावं, आणि ओटा सगळ्यात मोठा. "मशीनला चहा पाजू आम्ही."

लोक हसले. ओव्हरसियरचे कान लाल झाले. तेवढ्यात कोपऱ्यावरची उठली. पोर गेल्यापासून ती सभेला सोडा, नळावरसुद्धा कुणाशी बोलत नव्हती. पदर नीट करत म्हणाली, "माझं घर पहिलं आहे. माझ्या पायऱ्या मी फोडते. मशीन कशाला पाहिजे?"

एवढंच बोलून ती बसली. कुणी हसलं नाही. तिच्या शेजारी बसवेना म्हणा, काही म्हणा, मी उठून उभी राहिले. मला सभेत बोलायची सवय नाही, पण एकदा तोंड उघडलं की माझं मलाच आवरत नाही.

"ज्याचं घर त्यानंच पहिला घाव घालायचा," मी म्हणाले. "घरधन्याचा घाव पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा पडला की मग सगळ्या गल्लीनं लागायचं, समोरच्या बाजूच्यांनीसुद्धा. गटार त्यांच्याही पाण्याचं आहे. आणि रेघ एकच. विहिरीपासून नाल्यापर्यंत सरळ. तिथं कुणाचा मेव्हणा नाही आणि कुणाचा भाऊ नाही."

"आणि रेघ मारणार कोण?" दुकानदारानं विचारलं.

"मिस्त्री मारतील. सरळ मारतील. शब्द माझा."

हात वर करायला सांगितलं तेव्हा अकराच्या अकरा घरांचे हात वर गेले. माझ्या दिरांचाही गेला. दादा भिंतीला टेकून, ताठ झालेला पाय पुढं सोडून बसले होते. आमचे मिस्त्री तेवढे पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोरी घेऊन निघालो. विहिरीपाशी एक खुंटी, नाल्यापाशी दुसरी, मधे ताणलेली दोरी, आणि तिच्या खालून मी डब्यातनं चुन्याची फक्की सोडत मागं मागं जाणार. कुणाची अर्धी पायरी जात होती, कुणाचा हातभर ओटा. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. एकीनं रेघेवर पाय ठेवून बघितला, जणू तिच्यात विस्तव होता. आमचं घर पाचवं. आमच्या ओट्याचा दीड हात गेला. कपडे धुवायचा दगड गेला. मी फक्की सोडली आणि पुढं सरकले.

सहावं घर दादांचं, आमच्या भिंतीला भिंत लागून. ओट्यावर त्यांचं शिवणयंत्र. मागचे पाय भिंतीला, पुढचे पाय ओट्याच्या मध्यावर, आणि तिथंच दादा दिवसभर बसलेले. दोरी ओट्यावरून गेली ती मशीनच्या पुढच्या पायांच्या आतून. मशीनचा पायटा थांबला.

"ओढ रे बारक्या," दादा मिस्त्रींना म्हणाले. "बघू तरी कुठं येते."

मिस्त्रींनी दोरी सैल सोडली. म्हणाले, "ऊन फार झालंय. डोळ्याला रेघ दिसत नाही. सकाळी मारू पुढची." आणि खुंट्या उपटून घरी. वीस वर्षांत ऊन झालं म्हणून काम सोडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी मी उठले तर अंथरूण रिकामं. कळशी घेऊन बाहेर आले तर रेघ नाल्यापर्यंत मारून झालेली. आणि दादांच्या दारापुढं ती फुगलेली. तिथं तिसरी खुंटी ठोकून दोरी बाहेर ओढली होती, वीतभर. अंगणातल्या बादलीत मिस्त्री हात धूत होते, पाणी पांढरं झालं होतं.

"अहो, ही तिसरी खुंटी कुणाची?"

"माझी."

"रेघ फुगलीय."

"वीतभरच."

"वीतभर काय आणि हातभर काय! मी सभेत काय बोललेय? गावासमोर शब्द दिलाय मी."

"तू दिलास. मला विचारलंस?" ते वर न बघता म्हणाले. "सरळ रेघेत मशीन बसत नाही. आत एकच खोली, तीही अंधारी. कुठं शिवेल तो?"

"हे त्यांना विचारलंत?"

"काय विचारू?" आता त्यांनी वर बघितलं. "परांची मी बांधली होती."

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा गवंडी दादा होते आणि आमचे हे त्यांच्या हाताखाली. दुसऱ्या मजल्याची भिंत चालू होती. परांचीच्या बांबूंची गाठ यांनी मारलेली, ती सुटली, आणि दादा विटांच्या ढिगासकट खाली आले. गुडघा पुन्हा वाकला नाही. दादांनी थापी यांच्या हातात दिली आणि स्वतः शिवण शिकले. त्या गाठीबद्दल त्यांनी आजवर एक अक्षर काढलेलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटतं. तो ओटासुद्धा यांनीच बांधून दिला, पायऱ्या मुद्दाम बुटक्या ठेवून.

मी कळशी ठेवली. फावडं घेतलं आणि आमच्या दारातली वाळू ओढून त्या फुगवट्यावर ढीग घातला. मिस्त्रींनी नव्हे, मी. हे कुणी मला करायला सांगितलं नव्हतं. दादांचं दार उघडं होतं, ते आत चहा घेत बसले होते, त्यांनी सगळं पाहिलं. मला वाटलं, बरं वाटलं असेल माणसाला.

ऊन चढायच्या आत कोपऱ्यावरची पहार घेऊन पायऱ्यांपाशी उभी होती. गल्ली जमली. तिनं खालपर्यंत एकदा नजर टाकली.

"रेघ सरळ आहे ना गं?" तिनं मला विचारलं. "मधे जरा वेगळं वाटतंय."

"सरळ आहे," मी म्हणाले. "वाळूचा ढीग आहे ना, म्हणून तसं दिसतं."

तिनं मान हलवली आणि घाव घातला. पहिला घाव सिमेंटवर नुसता ठण्ण झाला. दुसऱ्याला टवका उडाला. त्या पायरीवर बसून ती पोरीची वेणी घालायची. तिसऱ्या घावानंतर तिच्या नवऱ्यानं पहार धरली, मग समोरचे दोघं आले, मग मी घमेलं भरलं.

दोन दिवस काय काम झालं म्हणून सांगू! पाच घरं मोकळी झाली. ज्यांनी आयुष्यात पाण्याचा तांब्या स्वतः उचलला नाही ते डबर वाहत होते. हाताला फोड, नाकातोंडात धूळ, खोकताना थुंकीसुद्धा राखाडी. दुपारी पश्चिमेकडून ढग भरून यायचे, आणि सगळे वर बघून हात जोरात चालवायचे. समोरची म्हातारी चहाचं पातेलं घेऊन फिरत होती. ज्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं ते एकमेकांच्या घमेल्यांना हात लावत होते. नोटिसांना तीन वर्षांत जे जमलं नाही ते होत होतं, आणि ते माझ्या शब्दावर होत होतं. मी मनातून फुगले होते. आणि रात्री आडवी झाले की ती वाळू आठवायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उद्या दादांची पाळी म्हणून सगळे हात झटकत उभे असताना, दुकानदार घरातून आला. त्याच्या हातात सुतळीचं बंडल होतं.

"मिस्त्री, राग मानू नका," तो म्हणाला. "माझा ओटा मोठा आहे. फोडायच्या आधी एकदा बघून घेतो."

त्यानं सुतळीचं एक टोक विहिरीपाशी एकाला धरायला दिलं, दुसरं नाल्यापाशी स्वतः धरलं. ताणली. मग त्याच्या गड्यानं फावड्यानं वाळू बाजूला केली. खालची फक्की ओली होऊन घट्ट बसली होती, चांगली ठळक दिसत होती. सुतळी इकडं आणि रेघ तिकडं. मधे एक वीत.

मला वाटलं, आता हा ओरडेल. नाही ओरडला. सुतळी गुंडाळत गुंडाळत वर आला, आणि म्हणाला, "चालतंय की. मग मीही वीतभर सोडतो. सातवाही सोडेल, आठवाही सोडेल. गटाराला काय, नागमोडी नेऊ."

कुणी तरी हसलं, पण ते हसू वाईट होतं. मिस्त्री भिंतीला पाठ लावून उभे होते, खाली घातलेली मान त्यांनी वर केली नाही. दादांच्या ओट्यावर पायटा थांबला होता. लोकांनी आपापली पहार, कुदळ, घमेलं उचललं. माझ्या हातात समोरच्यांचं घमेलं होतं, तेही त्यांच्या सुनेनं न बोलता काढून घेतलं.

कोपऱ्यावरची सगळ्यात शेवटी गेली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या पायऱ्या गेल्या त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "त्या गेल्या ते बरंच झालं. पण मी तुला विचारलं होतं."

ती घराकडं गेली. दाराशी पायऱ्या नव्हत्या, ती हातावर जोर देऊन उंबऱ्यावर चढली.

पुढचे दिवस कसे काढले ते मला विचारू नका. नळावर माझी कळशी रांगेतून कुणी काढली नाही, नुसते तिच्या पुढं लागत गेले. एका न्हाणीघराचं काम बोललेलं होतं, त्यांचा निरोप आला, सध्या राहू द्या. म्हातारीचं चहाचं पातेलं आमच्या दारावरून जाताना झाकण ठेवून जायचं. ज्यांनी ओटे फोडले होते त्यांतल्या दोघांनी डबरातले दगड परत आणून दाराशी रचले. दुकानदारानं तर उलट ओट्याला नवीन गिलावा घेतला. ओव्हरसियर आला, मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी लावून ओरडला, "चार दिवस राहिलेत!" एकही दार उघडलं नाही. त्याच गल्लीनं दोन-तीन दिवसांपूर्वी न सांगता दगड फोडले होते.

मिस्त्री जेवत नव्हते. ताटावर बसायचे, बोटानं ताटात रेघा ओढायचे आणि उठायचे. मी म्हणाले, "जा, ती खुंटी काढा. सरळ मारा." तर म्हणाले, "आता मारली तर त्याला वाटेल लोकांना भिऊन त्याचा ओटा तोडला." मी म्हणाले, "मग बसा असेच." भांडण करायलासुद्धा आमच्यात त्राण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच दादांकडं गेले. जाऊबाई आत भांडी घासत होत्या. दादा मशीनवर होते, पण सुईत दोरा नव्हता.

"दादा," मी म्हणाले, "मी हात जोडते. तुमचं मशीन आमच्या ओसरीवर ठेवा, आम्ही आत झोपू. पण ही वीत सोडा. गल्ली अडलीय."

"सोडा?" दादांनी मान वळवली. "मी धरलीय कुठं?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

"हात वर केला होता मी सभेत. दिसला नाही तुला? मशीन बसणार नाही हे मला त्याच रात्री माहीत होतं. मी मापं घेणारा माणूस, मला कळत नाही?" त्यांचा आवाज चढला, आत भांडी थांबली. "दाराशी मशीन लावून शिवीन, नाहीतर खाली बसून हातानं शिवीन. ते माझं मी बघितलं असतं. माझ्या घरावरचा घाव मीच घालणार होतो, सगळ्यांसारखा. मला विचारलं कुणी? त्यानं नाही विचारलं. तूही नाही विचारलंस. वाळू टाकून गेलीस माझ्या डोळ्यांदेखत!"

"मग बोलला का नाहीत, दादा?"

"वाट बघत होतो. म्हटलं, भाऊ आहे, चुकला, पुसेल आपल्या हातानं." त्यांनी लंगड्या पायावर मूठ आपटली. "अठरा वर्षं ह्या पायाचं मी कुणाला काही मागितलं नाही. त्यानं फक्कीनं रेघ मारून सगळ्या गावाला हा पाय दाखवला."

मी तिथं पायरीवर बसून रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही. रडू दिलं, आणि मग म्हणाले, "बोलव त्याला. दोरी घेऊन ये म्हणावं."

मिस्त्री आले. दादांनी त्यांना बारक्या म्हटलं नाही.

"मिस्त्री," ते म्हणाले, "सरळ ताणा."

मिस्त्रींनी तिसरी खुंटी उपटली. दोरी ताणली, मी फक्की सोडली. जाऊबाईंनी आतून हातोडा आणि छिन्नी आणून दिली. ती मिस्त्रींचीच होती, कधीतरी मागून नेलेली. दादा ओट्यावरून खाली उतरले. उकिडवं बसून घाव घालायला गुडघा वाकत नाही. ते एका कुशीवर जमिनीवर आडवे झाले, कोपर गाळात, आणि छिन्नी रेघेवर धरली. पहिला घाव चुकला, अंगठ्यावर बसला. दुसरा बसला नीट.

तो आवाज गल्लीत गेला. दारं उघडली. लोक बाहेर येऊन आपापल्या जागी उभे राहिले. दादा ठोकत होते. एक टवका, मग दुसरा. नियम माझाच होता, घरधन्याचा घाव पडला की सगळ्यांनी लागायचं. कुणी हललं नाही. मी कुणाकडं बघणार? त्यांना बोलवायची माझी लायकी राहिली नव्हती. दादांच्या सदऱ्याची एक बाजू काळी झाली होती, कपाळावरचा घाम डोळ्यात जात होता, आणि ते श्वास घ्यायला थांबायचे आणि पुन्हा ठोकायचे.

कोपऱ्यावरची आली. घमेलं ठेवून दादांच्या शेजारी उकिडवी बसली आणि पडलेले तुकडे हातानं भरू लागली. मग तिचा नवरा पहार घेऊन आला. मग समोरचे. मग सगळेच. दोघांनी मशीन उचलून दाराच्या आत ठेवलं. मिस्त्री पुढं झाले, त्यांनी पहारीला हात घातला.

"तुम्ही नको," दादा म्हणाले. खालूनच, वर न बघता. "बाकी कुणीही चालेल."

त्यांच्या हातातली पहार दुसऱ्यानं घेतली. मिस्त्री मागं सरले. ओटा फुटेपर्यंत, दीड-दोन तास, ते उन्हात तिथंच उभे होते, रिकाम्या हातांनी. गवंड्याला सगळी गल्ली राबताना उभं राहून बघायला लागलं. मला त्यांची कीव आली, रागही आला, आणि सगळ्यात जास्त राग माझा मला आला.

दुपारी सातवं घर फुटलं. संध्याकाळपर्यंत नववं. दुकानदार अंधार पडायच्या आत स्वतःच बाहेर आला. "नवा गिलावा आहे रे, हळू," असं म्हणत त्यानं पहिला घाव घातला आणि पहार गड्याच्या हातात न देता स्वतःच चालवली, हे कबूल केलं पाहिजे. ज्यांनी दगड परत रचले होते त्यांनी ते गुपचूप हलवले.

महिनाअखेरीला ओव्हरसियर आला. बरोबर दोन पोलीस आणले होते. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बघतच राहिला. विहिरीपासून नाल्यापर्यंत मोकळी जागा, एका रेघेत. त्यानं टेप काढला, दोन-तीन ठिकाणी लावून बघितला. मग पोलिसांना म्हणाला, "बघितलंत? शेवटची नोटीस कडक काढली होती मी." म्हातारीनं त्या तिघांना चहा दिला.

पाइप पडले, सिमेंट पडलं. गटाराचं काम कचेरीच्या माणसांनी केलं. पहिल्या दिवशी सगळ्या बायकांनी एकदम पाणी सोडून बघितलं. काळं पाणी नाल्याकडं सुटलं तेव्हा पोरं त्याच्याबरोबर धावली. कोपऱ्यावरची दारात उभी राहून ते जाईपर्यंत बघत होती. मी तिच्याकडं बघत होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

दादा आता दाराच्या आत, उंबऱ्याला लागून शिवतात. माप द्यायला आलेल्या माणसाला वाकावं लागतं. मिस्त्री कामावर जाताना-येताना त्या दारावरून जातात. पायटा चालू असतो तो चालूच राहतो. दोन घरांत एका विटेचं अंतर, आणि पंधरा दिवस दोघांत एक शब्द नाही. मी जाऊबाईंना विचारलं तर त्या नुसतं हात हलवायच्या.

मग एका संध्याकाळी, आम्ही हातपाय धुऊन बसलो होतो, त्या स्वतःच आल्या. आत आल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"ओट्याची फुटलेली कड तशीच आहे," त्या म्हणाल्या. "पाऊस लागला की भिंतीत पाणी जाईल. उद्या येऊन गिलावा करा म्हणालेत."

मिस्त्री उठून उभे राहिले. "दादा म्हणाला?"

"हो."

"मला म्हणाला? माझं नाव घेऊन?"

"दुसऱ्या कुणाच्या हातचा चालणार नाही म्हणाले." जाऊबाईंनी पदर चाचपला. "पण बोलणार नाहीत. ते आधीच सांगून ठेवायला सांगितलंय. ते बसतील तिथं, तुम्ही काम करा, आणि या परत."

मिस्त्री खाली बसले. गुडघ्यांत डोकं घालून बसले, आणि पाठ हलायला लागली. एवढा दांडगा माणूस. जाऊबाई तोंड फिरवून गल्लीकडं बघत राहिल्या.

"आणि मी?" मी विचारलं. "वाळू कालवायला माणूस लागेल ना. मला या म्हणालेत?"

"तुझं काही बोलले नाहीत गं."

त्या गेल्या. मी मागच्या दारी जाऊन घमेली काढली. एक त्यांचं आणि एक माझं.